हुबळीचे नाट्यऋण

हुबळीतील लॅमिंग्टन रोड हे नाव ऐकताच १९०३ ते १९०७ या काळातील मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन आठवतात. त्यांची कारकीर्द संपल्यावर लगेचच, १ जानेवारी १९०८ रोजी, याच हुबळीत केशवराव भोसले यांनी 'ललितकलादर्श' नाटक मंडळीची स्थापना केली. गव्हर्नराचे नाव रस्त्याने जपले. या नटाचे ऋण मात्र मराठी रंगभूमीने जपावयाचे आहे.

कन्नड मुलखात मराठी मंडळी जन्मास यावी, यात आम्हांस नवल वाटत नाही. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहूनच विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' उभे केले. अण्णासाहेब किर्लोस्करांचे जन्मगाव गुर्लहोसूर हेही बेळगाव जिल्ह्यातलेच.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा, कोल्हापुरातला. बालवयातच ते स्वदेशहितचिंतक मंडळीत दाखल झाले आणि शारदेच्या भूमिकेने नावारूपास आले. स्वतःची मंडळी काढली तेव्हा त्यांना अठरावे वर्ष चालू होते. पुढे त्यांनी मामा वरेरकरांची 'हाच मुलाचा बाप' व 'संन्याशाचा संसार' ही नाटके रंगमंचावर आणून हुंडा आणि धर्मांतर हे समाजाचे प्रश्न संगीत नाटकात आणले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाले. त्यात बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी केशवराव गेले.

नटाची कला त्याच्याबरोबरच जाते, असे म्हणतात. फ्रेंच रंगभूमीवरील थोर नट कॉकलँ याच्या बाबतीत मात्र तसे पूर्णपणे घडले नाही. १८९७ साली त्याने गाजविलेल्या 'सिरानो'तील एक प्रवेश १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी ध्वनीसह चित्रपटात उतरविण्यात आला. केशवरावांच्या नशिबी हे नव्हते. मूकपटात गाणे नव्हते, आणि 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला तो १९३२ साली. ज्या नटाचे अर्धे बळ गळ्यात होते, त्याला बोलपटाने गाठण्यापूर्वीच मृत्यूने गाठले.

मग मागे उरले काय? आमच्या मते, उरली ती संस्था. बापूराव पेंढारकरांनी १९२२ साली वरेरकरांचेच 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणून धन्याची वाट पुढे चालविली. १९३७ साली ते निवर्तल्यावर त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी मंडळी पुन्हा उभी केली. 'दुरितांचे तिमिर जावो' (१९५७) आणि 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०) ही तिचीच नाटके. शिवाय भालचंद्रपंतांनी अनेक नाटके ध्वनिफितींवर मुद्रित करून ठेवली. संस्थापकाच्या वाट्यास जे आले नाही, ते त्यांनी इतर नटांस मिळवून दिले.

केशवरावांचे नाव धारण करणारे कोल्हापुरातील नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, आगीत जळाले. वास्तू जळते, पुन्हा उभारताही येते. पण हुबळीतील १९०८ चा तो दिवस आम्हां अध्यापकांच्या शिकवण्यातून गळला, तर तो कोण उभारणार?