चड्डी चालली, वाक्य नाही

श्रोतेहो, माइकसमोर बसलं की मला प्रश्न पडतो : बोलण्यावर पोट असलेल्या माणसाचा मालक नेमका कशाला घाबरतो? उत्तर इंग्लंडमध्ये सापडतं. माजी फुटबॉलपटू गॅरी लिनेकर बीबीसीवर 'मॅच ऑफ द डे' सादर करत असे. डिसेंबर २०१५ मध्ये त्यानं जाहीर केलं, लेस्टरनं प्रीमियर लीग जिंकली तर पुढच्या मोसमाचा पहिला कार्यक्रम मी फक्त चड्डीवर करीन. लेस्टर त्याचं जन्मगाव. मोसमाच्या सुरुवातीला सट्टेबाजांचा भाव ५०००ला एक! मे २०१६ मध्ये लेस्टर जिंकलं. १३ ऑगस्टला लिनेकरनं शब्द पाळला आणि बीबीसीनं तो कौतुकानं दाखवला.

मार्च २०२३ मध्ये त्यानं निर्वासितांबाबतच्या सरकारी धोरणाच्या भाषेवर टीका केली. परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीनं निःपक्षपातीपणाकडे बोट दाखवून त्याला बाजूला बसवलं. इयान राइट, अ‍ॅलन शिअरर यांनी त्याच्याशिवाय काम करायला नकार दिला. ११ मार्चचा कार्यक्रम समालोचनाविना, अवघ्या २० मिनिटांत आटोपला. आठवड्याभरात लिनेकर परतला. २०२५ मध्ये त्यानं बीबीसी सोडली.

चड्डी हसण्यावारी नेता येते. वाक्याला मात्र उत्तर द्यावं लागतं. भीती त्याचीच असते.