विडी वळणारी: मजूर की दुकानदारीण?

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली, कायद्याची पंडिता नव्हे. पण आपल्या भंडारा जिल्ह्यात ज्या घरात विडी वळली गेली नाही असे घर विरळाच, म्हणून त्या विडीचीच हकिकत सांगते.

आपल्याकडे धान निघाले की हात रिकामे. रानात तेंदूची पाने मात्र भरपूर. त्यामुळे भंडारा-गोंदियाकडे (1999 पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होते) हा धंदा फोफावला. सरकारलाही त्याची धास्ती वाटली असावी. 1948 साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कायदा झाला, की शेतीच्या हंगामात नेमलेल्या गावी विड्या वळावयाच्या नाहीत! शेतावर जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या, अपंग माणसांनी काय खावे याचा विचार त्यात नव्हता. सागर जिल्ह्यातून फिर्याद गेली आणि 1950 साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरविला.

पुढे 1953 साली औद्योगिक कलह कायद्यात मोठी सुधारणा झाली. कामावरून कमी केलेल्या कामगारास नोकरीच्या दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी मिळावी, असे ठरले. 1957 साली कारखाना बंद पडला तरी भरपाईची तरतूद झाली. अट अशी की वर्षाची सलग नोकरी हवी आणि त्यासाठी 240 दिवसांचे काम दिसले पाहिजे. घरात दुसरी मिळकत असू नये, अशी अट मात्र त्यात नव्हती. ही भरपाई मागल्या सेवेची होती.

पण विडीवालीला कामगार म्हणावयाचे कोणी? कारखानदार बोट दाखवी सट्टेदाराकडे, सट्टेदार म्हणे, "ह्या घरी बसून वळतात, मनास येईल तेव्हा उठतात, आपल्या मालक त्याच." कित्येक ठिकाणी तर पाने-तंबाखू कागदोपत्री बाईला विकत द्यावयाची आणि विड्या विकत घ्यावयाच्या, की झाली ती व्यापारीण! न्यायालयांतही एकमत नव्हते. 1960-61 च्या सुमारास नागपूरच्या एका कारखान्यात बसून वळणारे कामगार ठरले, तर महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या खटल्यातला वळणारा कामगार ठरला नाही. अखेर 1966 च्या विडी-सिगार कामगार कायद्याने, कच्चा माल घेऊन घरी वळणारी बाईदेखील कामगारच, असे स्पष्ट लिहिले. सहा महिने काम केलेल्यास योग्य कारणावाचून काढावयाचे नाही, काढलेच तर एक महिन्याची सूचना किंवा तितकी मजुरी द्यावयाची. मालकमंडळी याविरुद्ध लढली, पण 1974 साली कायदा टिकला. पुढे 2020 च्या संहितेत तो सामावून घेण्यात आला.

आता घरची गोष्ट. माझ्या सासूबाई सतरा वर्षे विड्या वळीत होत्या. 1980 नंतरच्या दशकात त्यांचा कारखाना बंद झाला. तत्पूर्वीच ओसरीवर त्यांनी चणे-फुटाणे, गूळ, काड्यापेटी यांचे दुकान मांडले होते; कारण छाटीत विड्या गेल्या की आठवड्याची मजुरी अर्धी होई. भरपाई मागावयास गेल्या तेव्हा मुनीम हसला. म्हणाला, "तुमचे दुकान चालते, बाई. तुम्ही बेकार कुठल्या?" त्या परत आल्या. दुकानच बंद करावे काय, असे चार दिवस घोळत होते. मग युनियनच्या एका कार्यकर्त्याने समजाविले, की दुकानाचा यात संबंध नाही, प्रश्न वहीचा आहे. ट्रंकेतून हजेरीच्या वह्या निघाल्या. तिघांनी मिळून कंदिलाखाली एकेक दिवस मोजला. एका वर्षी बाळंतपणामुळे दिवस कमी भरत होते, तेथे सासूबाईंच्या पोटात गोळा आला. पण तेही दिवस धरता येतात असे त्या गृहस्थांनी सांगितले.

वर्षभर खेटे घालून तडजोड झाली. हक्काची सारी रक्कम नव्हे, पण बरीचशी मिळाली. त्यातून मोठा तराजू आणि चण्याची दोन पोती आली.

आमच्या आळीतल्या आणखी पाच बायका त्याच कारखान्याच्या. त्यांतल्या तिघींना काहीच मिळाले नाही. विड्या त्यांनीच वळल्या होत्या, पण वहीवर नाव नवऱ्याचे होते. एकीचा नवरा तर त्या सर्व वर्षांत दुसऱ्या गावी हमाली करीत होता.