घर तापवणारी कोळशाची भट्टी आणि धुराचा प्रश्न

थंड प्रदेशातील इमारत हिवाळ्यात राहण्याजोगी ठेवण्यासाठी तळघरात कोळशाची भट्टी बसवायची आणि तिची ऊब नळांवाटे वरच्या खोल्यांत पोहोचवायची, ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे उत्तर अमेरिकेच्या शहरांत रूढ होती. या शतकात भट्टीत झालेल्या सुधारणांचा क्रम तपासला, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. ज्या दोषांचा त्रास घरमालकाला स्वतःला होत असे, ते दोष कारागिरांनी आणि कारखानदारांनी तत्परतेने दूर केले. परंतु ज्या दोषाचा त्रास मुख्यतः शेजाऱ्याला आणि शहराला होत असे, तो धूर मात्र उपाय ठाऊक असूनही अनेक पिढ्या तसाच राहिला आणि अखेर कायद्यानेच तो हटवला.

धूर का होतो, हे समजण्यासाठी कोळसा जळतो कसा ते प्रथम पाहावे लागते. दगडी कोळसा तापला की त्यातील काही भाग वायू आणि डांबरी वाफेच्या रूपाने बाहेर पडतो. या भागाला बाष्पनशील द्रव्य म्हणतात. उरतो तो मुख्यतः स्थिर कार्बन, आणि तो जाळीवर निखाऱ्यांच्या रूपाने धूर न करता जळत राहतो. निखाऱ्यांना लागणारी हवा जाळीखालून येते, तिला प्राथमिक हवा म्हणतात. बाहेर पडलेल्या वायूंना मात्र निखाऱ्यांच्या वर आणखी हवा, म्हणजे दुय्यम हवा, आणि पेट घेण्यापुरते तापमान मिळावे लागते. माणूस धगधगत्या निखाऱ्यांवर ताज्या कोळशाची पाटी रिकामी करतो, तेव्हा नेमके उलटे घडते: वरचा थर थंड पडतो, वायू एकदम मोठ्या प्रमाणात सुटतात, त्यांना हवाही पुरत नाही आणि उष्णताही, आणि ते काजळी व डांबराच्या कणांसह धुराड्यातून निघून जातात. म्हणजे काळा धूर हे वाया गेलेले इंधनच होय. धूर कमी करणे आणि कोळसा वाचवणे ही दोन्ही कामे बहुतांशी एकच आहेत, हे तज्ज्ञांनी अठराव्या शतकातच ओळखले होते.

जेम्स वॉटने १७८५ मध्ये धूर जाळून टाकणाऱ्या भट्टीचे पेटंट घेतले. ताज्या कोळशातून निघणारा धूर थेट धुराड्याकडे जाऊ न देता धगधगत्या निखाऱ्यांवरून नेला, की तो तिथेच पेट घेतो, हे त्यामागचे तत्त्व होते. लंडनचे वैद्य नील अर्नॉट यांनी १८५०च्या दशकात घरगुती शेगडीसाठी याहून सोपी रचना सुचवली. त्यांनी कोळसा विस्तवाच्या वर न टाकता खालच्या पेटीत भरला आणि तो हळूहळू वर सरकवण्याची सोय केली, त्यामुळे नव्या कोळशातील वायू वरच्या लाल निखाऱ्यांतून जाताना जळून जात. खालून इंधन देण्याची ही कल्पना पुढे सत्तर वर्षांनी यंत्राच्या रूपाने घरोघरी पोहोचली. मधल्या काळात ती फारशी पसरली नाही, याचे कारण तांत्रिक म्हणता येणार नाही; उघड्या शेगडीतील ज्वाळेची इंग्रजांना असलेली आवड आणि स्वस्त कोळसा या दोन्हींपुढे कोळशाची बचत हा मुद्दा लंगडा पडला.

अमेरिकेत या प्रश्नाला भूगोलाने दोन तोंडे दिली. पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात अँथ्रासाइट हा कठीण, चमकदार कोळसा सापडतो, ज्यात बाष्पनशील द्रव्य फारच थोडे असते. तो पेटण्यास अवघड म्हणून आरंभी लोक त्याला दगडच समजत. परंतु १८०८ मध्ये विल्क्सबॅरी येथे जेसी फेल यांनी तो साध्या लोखंडी जाळीवर, भात्याच्या मदतीशिवाय जाळून दाखवला आणि पुढील काही दशकांत न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया यांसारख्या पूर्वेकडील शहरांतील घरे त्यावर तापू लागली. पश्चिमेकडील पिट्सबर्ग, शिकागो, सेंट लुईस या शहरांच्या वाट्याला मात्र जवळच्या खाणींतील बिटुमिनी, म्हणजे मऊ कोळसा आला, जो स्वस्त आणि लवकर पेटणारा असला तरी धुराने भरलेला होता. त्यामुळे एकाच बनावटीची भट्टी पूर्वेकडे स्वच्छ ठरे आणि पश्चिमेकडे शहर काळे करी.

तळघरातील भट्टीची रचना तत्त्वतः सरळ होती. आत कोळसा जळणारी बंद कोठी, तिच्याभोवती पत्र्याचे किंवा विटांचे आवरण आणि दोहोंमधील पोकळीत तापणारी हवा. गरम हवा हलकी असल्याने रुंद नळांतून आपोआप वर चढे आणि खोल्यांतील थंड हवा खाली परत येई. कोठी प्रथम ओतीव लोखंडाचे तुकडे जोडून केली जात असे. वारंवार तापण्या-निवण्याने हे सांधे सैल होत, ओतीव भागांना तडे जात आणि जळणाचा वायू थेट झोपण्याच्या खोल्यांत शिरे. या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला रंग नसतो, वासही नसतो आणि जो माणसाला झोपेतच मारू शकतो. तेव्हा सांध्यांचा प्रश्न जिवाचा होता. आयोवा राज्यातील मार्शलटाउन येथील यंत्रकारागीर डेव्ह लेनॉक्स यांनी १८९५ मध्ये रिव्हेट मारून जोडलेल्या पोलादी पत्र्याची भट्टी बाजारात आणली. मूळ कल्पना दुसऱ्यांची होती आणि ती पैशाअभावी अडली होती; लेनॉक्स यांनी तिची रचना सुधारून ती विकण्याजोगी केली. पोलादी पत्रा ओतीव लोखंडासारखा तडकत नसल्याने ही भट्टी लवकरच लोकप्रिय झाली.

दुसरा मोठा त्रास देखभालीचा होता. पहाटे उठून राख झाडणे, क्लिंकर म्हणजे वितळून घट्ट झालेल्या राखेचे गोळे सळईने फोडून काढणे, नवा कोळसा घालणे, खालची झडप उघडून विस्तव फुलवणे, खोल्या तापल्या की ती पुन्हा मिटणे, आणि रात्री विस्तव विझणार नाही पण भडकणारही नाही अशा बेताने तो दाबून ठेवणे, ही कामे घरातील कोणाला ना कोणाला, नाहीतर पगारी नोकराला, महिनोन्‌महिने करावी लागत. मिनियापोलिस येथील अल्बर्ट बुट्झ यांनी १८८५च्या सुमारास यातील एक काम यंत्राकडे सोपवले. खोलीतील तापमान ठरलेल्या अंशाखाली गेले की विद्युत्‌मंडल जुळे, चावीचे यंत्र अर्धा-एक फेरा फिरे, साखळी ओढली जाई आणि भट्टीच्या हवेची झडप उघडे. खोली तापली की तीच साखळी झडप मिटवी. आजच्या थर्मोस्टॅटचा हा पूर्वज होय, आणि बुट्झ यांच्या उद्योगातूनच पुढे हनीवेल ही कंपनी उभी राहिली. सोय मोठी होती, परंतु धुराच्या दृष्टीने ती दुधारी ठरली, कारण नुकताच कोळसा घातलेला असताना झडप मिटली तर वायूंना हवा मिळेनाशी होई आणि धूर उलट वाढे.

कोळसा घालण्याचे काम यंत्राकडे जायला १९२०चे दशक उजाडले. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे तयार होणारा ‘आयर्न फायरमन’ हा अशा यंत्रांपैकी सर्वांत गाजलेला. स्टोकर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रात पेटीतील बारीक कोळसा फिरत्या मळसूत्राने पुढे ढकलला जाऊन निखाऱ्यांच्या खालून वर येई, आणि विजेचा पंखा मोजकी हवा पुरवी. कोळसा थोडाथोडा, सतत आणि खालून येत असल्याने त्याचे वायू निखाऱ्यांतून जाताना जळत. अर्नॉट यांचे तत्त्व आणि बुट्झ यांचे नियंत्रण इथे एकत्र आले. मऊ कोळशाची घरगुती भट्टी जवळजवळ निर्धूर चालवता येते, हे यापुढे कोणालाही नाकारता येत नव्हते. परंतु यंत्र महाग होते, आणि शेजाऱ्याचे आकाश स्वच्छ राहावे म्हणून ते विकत घेणारे घरमालक थोडेच निघाले.

हा पेच सर्वांत उघडपणे दिसला तो सेंट लुईस येथे. मिसिसिपी नदीपलीकडील इलिनॉय राज्याच्या खाणींतून येणारा गंधकयुक्त, राखाळ आणि अतिशय स्वस्त कोळसा या शहराच्या घराघरांत जळत होता. शहराने १८९३ मध्येच दाट धुरावर बंदी घालणारा नियम केला होता. मिसूरी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो शहराच्या अधिकाराबाहेरचा ठरवून १८९७ मध्ये रद्द केला. पुढील चार दशके नागरिक-मंडळे स्थापन झाली, व्याख्याने झाली, विस्तव कसा घालावा याचे धडे दिले गेले. कोळसा जाळीभर न पसरता एका बाजूला घालावा, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या उघड्या निखाऱ्यांवर त्याचे वायू पेट घेतात, ही शिकवण शास्त्रशुद्ध होती; पण लाखो हातांनी रोज पहाटे ती पाळावी ही अपेक्षाच अवास्तव होती.

महापौर बर्नार्ड डिकमन यांच्या कारकिर्दीत, १९३७ मध्ये, धूर-नियंत्रणाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील यंत्र-अभियांत्रिकीचे प्राध्यापक रेमंड टकर यांच्याकडे तो सोपवण्यात आला. त्या वर्षीच्या नियमाने बारीक कोळसा धुऊनच विकण्याची सक्ती केली. धुण्याने राख आणि गंधक काही अंशी कमी होतात, बाष्पनशील द्रव्य मात्र जिथल्या तिथे राहते. म्हणून धूर हटला नाही. मग २८ नोव्हेंबर १९३९चा मंगळवार आला. जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसला, वारा थांबला, शहराचा सगळा धूर खाली कोंडला गेला आणि भर सकाळी रस्त्यावरचे दिवे लावावे लागले. अशा दिवसांची मालिकाच त्या हिवाळ्यात लागली.

८ एप्रिल १९४० रोजी जो नियम संमत झाला त्याचे मर्म त्याच्या साधेपणात आहे. ज्या कोळशात बाष्पनशील द्रव्य ठरावीक मर्यादेहून, म्हणजे शेकडा २३ हून अधिक, असेल तो हाताने घालायच्या भट्टीत जाळता येणार नाही. तो जाळायचा असेल तर स्टोकर बसवावा, नाहीतर निर्धूर इंधन घ्यावे. नियमाने मनुष्याच्या कौशल्यावर किंवा सद्‌भावनेवर काहीच सोपवले नाही, आणि तपासणी लाखो धुराड्यांऐवजी मोजक्या कोळसा-व्यापाऱ्यांच्या वखारींत करता येऊ लागली. इलिनॉयच्या खाणमालकांनी कडवा विरोध केला, शहराच्या मालावर बहिष्काराची भाषा झाली. तरीही आर्कान्सामधून कमी धुराचा कोळसा रेल्वेने आला आणि पुढच्याच हिवाळ्यात शहराला सूर्य दिसला. या प्रश्नावरील मोहिमेसाठी ‘सेंट लुईस पोस्ट-डिस्पॅच’ या वृत्तपत्राला १९४१चा पुलित्झर पुरस्कार मिळाला. डिकमन त्याच वर्षी निवडणूक हरले, टकर मात्र १९५३ ते १९६५ या काळात स्वतः महापौर झाले. पिट्सबर्गने १९४१ मध्येच याच धर्तीचा नियम केला, पण महायुद्धामुळे घरांना तो १९४७ पर्यंत लागू झाला नाही.

या नियमाचे वेगळेपण कळण्यासाठी जुने धूर-कायदे शेजारी ठेवून पाहावेत. मुंबई इलाख्यात १९१२ मध्ये धूर-उपद्रव प्रतिबंधक कायदा झाला तो गिरण्या-कारखान्यांच्या धुराड्यांसाठी; घरगुती चुलींना त्यातून वगळले होते. मुंबईपुरते ते समजण्यासारखे होते, कारण तिथे घर तापवावे लागत नाही आणि आकाश काळे करणारी भट्टी गिरणगावातल्या बॉयलरखालची होती. परंतु ब्रिटनमध्येही एकोणिसाव्या शतकातील कायदे घराच्या उंबरठ्यावरच थांबत, आणि तिथे तर धुराचा फार मोठा वाटा घरगुती शेगड्यांचा होता. डिसेंबर १९५२ मधील पाच दिवसांच्या लंडनच्या धुरक्यात सुमारे ४,००० माणसे दगावल्याचा अंदाज त्यावेळी वर्तवला गेला. नंतरच्या अभ्यासांनी हा आकडा बराच अधिक मानला आहे. त्यानंतर कुठे १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला, ज्याने धूर-नियंत्रित विभाग आखून घरातील शेगडीलाही नियमाखाली आणले आणि ती बदलण्यासाठी अनुदान दिले. लंडनला जे कळायला हजारो जीव जावे लागले, ते सेंट लुईसने बारा वर्षे आधी करून दाखवले होते, म्हणून भट्टीच्या सुधारणेच्या इतिहासात १९४०चा हा नियम कोणत्याही एका यंत्राहून मोठा मानला पाहिजे.

कोळशाच्या भट्टीला मात्र ही सुधारलेली अवस्था फार काळ भोगता आली नाही. युद्धकाळात टेक्सासहून पूर्वेकडे खनिज तेल वाहून नेण्यासाठी टाकलेल्या दोन मोठ्या नळवाहिन्या १९४७ पासून नैसर्गिक वायूसाठी वापरात आल्या, आणि राख नाही, पाटी नाही, पहाटेचे उठणे नाही असे इंधन शहरांच्या दारात आले. अनेक घरांत जुनी भट्टी तशीच ठेवून तिच्या जाळीच्या जागी वायूचा बर्नर बसवला गेला. अमेरिकेच्या जनगणनेनुसार १९४० मध्ये शेकडा ५५ च्या आसपास घरे कोळशावर तापत होती. १९५० मध्ये हे प्रमाण सुमारे ३५ वर आले आणि १९७० मध्ये ३ च्याही खाली गेले.