उघड्या दाराची प्रार्थना

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची तारीख विचारली की अभ्यासक २९ सप्टेंबर १८८३ सांगतात. इंग्लंडमध्ये वाँटेज इथे लेक मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो दिवस. खुद्द रमाबाईंचा हिशेब वेगळा आहे. १९०७ सालच्या आत्मनिवेदनात त्या म्हणतात, तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता. ख्रिस्त सापडला नव्हता.

हा फरक शब्दांचा खेळ नव्हे. बाप्तिस्म्यानंतर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला (१९७७ साली अ. भि. शहांनी तो संपादित केला), तो वाचताना एक शास्त्रीकन्या वादसभेत उभी असल्यासारखं वाटतं. त्रैक्य का मानायचं? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत? त्या काळी मिशनचं निमंत्रण बरंचसं बुद्धीच्या वाटेनंच यायचं. आमच्या कोल्हापुरात १८५२ साली आलेल्या रॉयल वाइल्डर यांनीही भर दिला तो शाळांवर. रमाबाईंना बुद्धीनं पटलं होतं. तरी काहीतरी उरलं होतं.

ते भरून आलं सुमारे आठ वर्षांनी, १८९१च्या सुमारास. निमित्त विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र. हा गृहस्थ स्वतःचंच प्रवचन देता देता पालटला होता! दीक्षा, पद, पांडित्य सगळं असूनही देवाची ओळख नसू शकते, हे त्यात रमाबाईंना दिसलं. त्यात त्यांनी स्वतःलाही ओळखलं.

इथवरची गोष्ट त्यांची एकटीची. पण त्या तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. मुंबईत १८८९ साली काढलेली ही विधवांची शाळा पुढच्याच वर्षी पुण्यात आली होती आणि तिथे धर्मशिक्षण दिलं जाणार नाही असा शब्द होता. रमाबाईंनी धडा दिला नाही. आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन त्या मोठ्यानं प्रार्थना करत. दार उघडं असे, येईल तिनं यावं. मुली येऊ लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

हे दोघेही प्रार्थनासमाजी. एकाच देवाला मनापासून हाक मारण्याचं त्यांना वावडं नव्हतं. प्रश्न दिलेल्या शब्दाचा होता. रमाबाईंच्या चरित्रकारांपैकी काही जण इथे घाईनं पुढे जातात. मला तसं जमत नाही. स्वतःच्या खोलीत प्रार्थना करण्याचा त्यांचा हक्क निर्विवाद. पण जिच्या घरात आपण जेवतो-झोपतो, तिचं उघडं दार बारा-चौदा वर्षांच्या विधवा मुलीला नुसतं दार वाटेल का? आणि दुसऱ्या बाजूनं, जिला समाजानं प्रत्येक उंबऱ्यावर अडवलं, तिला देवापाशी बोलाव असं त्यावेळी दुसरं कोण म्हणत होतं? ही दोन्ही प्रश्नचिन्हं मला पुसता आलेली नाहीत.

रमाबाईंनी दार लावलं नाही. केडगावच्या मुक्ती सदनात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि बायबल पुन्हा मराठीत आणायला बसल्या. आधीचं भाषांतर त्यांना अवघड वाटे. नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईला कुणी समजावून न देता वाचता यावं, अशी भाषा त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम हातावेगळं झालं होतं. मुक्तीतल्याच बायकांच्या छापखान्यातून तो ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.