सासूला ‘आत्या’ का म्हणतात?

आज सुरुवातीला एक सोपा प्रश्न. सासूला तुम्ही काय म्हणता? आमच्या भागात अजूनही बऱ्याच घरांत ‘आत्या’ म्हणतात. आणि सासऱ्यांना ‘मामा’ किंवा ‘मामंजी’. सासू काही प्रत्येकीची खरी आत्या नसते. मग हे नाव आलं कुठून?

आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. मुलीच्या बाजूनं बघा. तिचा नवरा आत्याचा मुलगा, म्हणजे सासू ही आत्याच झाली. आत्याच्या नवऱ्याला पुष्कळ घरांत मामा म्हणतातच. लग्न नात्याबाहेर झालं तरी हाक तीच राहिली. उत्तर हिंदुस्थानात असं लग्न चालतच नाही. तिकडं मुलगी परक्या गावात, परक्या घरात जाते. आपल्याकडची पोर पुष्कळदा ओळखीच्या उंबऱ्यात जाते. या साध्या हाकांवरून माणसांच्या रीतीभाती उलगडणारं एक शास्त्र आहे, त्याला मानवशास्त्र म्हणतात. आणि नात्यांच्या शब्दांवरून साऱ्या भारताचे चार भाग करून दाखवणारा मोठा ग्रंथ १९५३ साली एका मराठी बाईनं लिहिला. इरावती कर्वे त्यांचं नाव. त्या शिकल्या कशा, ती हकिगत आज सांगतो.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिथं इंजिनियर होते. तिथल्या इरावदी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेच्या शाळेत धाडलं. तिथं तिची मैत्री झाली शकुंतला परांजपे यांच्याशी. त्यांचे वडील रँग्लर परांजपे फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपल. त्या घरानं इरावतीला आपल्याच मुलीसारखं ठेवून घेतलं. घरात पुस्तकंच पुस्तकं. आम्हाला वाटतं, पुढचं सगळं शिक्षण या घराच्या उंबऱ्यापासूनच सुरू झालं. मैत्रिणीच्या आईबापानं दार उघडलं म्हणून पुढं गेलेल्या मुली आपल्याही गावात आहेत.

१९२६ साली फर्ग्युसनमधून त्या बी.ए. झाल्या, विषय तत्त्वज्ञान. मग दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि त्या मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकायला डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडं गेल्या. एम.ए.साठी त्यांनी चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहिला. म्हणजे परक्यांचा अभ्यास करण्याआधी आपल्याच जातीकडं बाहेरच्या माणसासारखं बघायला शिकल्या. १९२८ साली एम.ए. झाल्या. लग्नही त्याच काळातलं. नवरा दिनकर कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे चिरंजीव. या घरात नवराबायको एकमेकांना नावानं हाक मारत, हे त्या काळी किती मोठं, ते तुम्हाला सांगायला नको.

आता खरी अडचण आली. पुढं शिकायला जर्मनीला जायचं होतं. ज्या सासऱ्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, बायकांचं विद्यापीठ काढलं, त्यांनाच सुनेनं परदेशी जाणं पसंत नव्हतं. दुसऱ्यांच्या मुलींना शिकवणं आणि घरातल्या सुनेला बोटीवर बसू देणं यात अंतर असतं ते असं. पण दिनकररावांनी बायकोची बाजू धरली. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले. जीवराज मेहतांकडून कर्ज मिळालं आणि इरावतीबाई बर्लिनला पोचल्या.

तिथले प्राध्यापक ऑयगेन फिशर मोठे नावाजलेले. त्यांचं म्हणणं असं, की गोऱ्या वंशाची माणसं जन्मानंच जास्त बुद्धिमान. कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते, गोऱ्यांत हा फरक जास्त असतो आणि त्यावरून त्यांची बुद्धी कळते, असा त्यांचा कयास. तो तपासायचं काम या विद्यार्थिनीला दिलं. समोर जवळपास दीडशे कवट्या. काही युरोपातल्या, काही जर्मनांनी आपल्या वसाहतींतून उचलून आणलेल्या. त्या माणसांना किंवा त्यांच्या घरच्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचार करा, परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज आणि पदवी या गुरूच्या हातात. गुरूला हवं ते लिहिलं असतं तर काम सोपं होतं. इरावतीबाईंनी एकेक कवटी मोजली आणि जे दिसलं ते लिहिलं. कवटीच्या या कमीजास्तपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही. १९३० साली त्याच प्रबंधावर त्यांना डॉक्टरेट मिळाली. पुढं तीनच वर्षांत हिटलर सत्तेवर आला आणि फिशरसाहेबांचं शास्त्र त्याच्या दावणीला बांधलं गेलं. माणसांचे वंश ठरवून त्यांना मारण्यापर्यंत गोष्ट गेली.

मायदेशी आल्यावर काही वर्षं त्यांनी बायकांच्या विद्यापीठात कारभार सांभाळला आणि १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायला लागल्या. गावोगाव फिरल्या. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणूनही त्यांचं नाव घेतात. त्यांनी दुसऱ्या गुरूशीही वाद घातला. घुर्ये म्हणत, एकच जात फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातले कुंभार बघितले. कुणाचं चाक वेगळं, कुणाची रीत वेगळी, आपसात लग्नं नाहीत. त्यांनी उलट म्हटलं, की हे मुळात वेगवेगळे गट, धंदा एक म्हणून नाव एक पडलं.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. बर्लिनमध्ये कवट्यांतून काही निघत नाही हे पाहिल्यावरही त्यांनी इथं जातीजातींच्या लोकांची डोकी, नाकं मोजणं पुष्कळ वर्षं चालू ठेवलं. आमच्या मते त्यांच्या टेपापेक्षा त्यांचे कान जास्त कामाचे होते. बायकांच्या ओव्या, म्हणी, नात्यांच्या हाका ऐकून त्यांनी जे लिहिलं ते आजही वाचावंसं वाटतं. वारीबरोबर त्या चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हे त्यांना दिसलं आणि त्यांनी ते झाकून ठेवलं नाही.

‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, म्हणून सगळे तेच पुस्तक सांगतात. आम्ही आणखी एक सांगतो. कोयना धरणात ज्यांची गावं बुडाली, त्यांच्याकडं जाऊन इरावतीबाईंनी पाहणी केली. मुलगी जाई निंबकर सोबतीला होती. जमीन किती गेली, किती मिळाली, नव्या जागी कसं चाललंय, हे त्या लोकांनाच विचारलं. तो अहवाल १९६९ साली निघाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, इरावतीबाई गेल्या.