मजकूर हाच पत्ता

मोठ्या बँकेकडे किंवा विमा कंपनीकडे दस्तऐवज कोटींच्या घरात असतात. त्यांच्यासाठी साठवण निवडायची बैठक बसली की बोलणं लगेच टेराबाइटच्या दरावर येतं. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट विचारायला हवी. कागदाला पत्ता कोण देतं, आणि तो कुठेकुठे लिहून ठेवलाय? यंत्रं काही वर्षांनी बदलतात, पण गृहकर्जाचा करार वीस-तीस वर्षं सांभाळावा लागतो. मायग्रेशनमध्ये खरा घाम फुटतो तो या पत्त्यांपायी.

१९९० मध्ये सुरू झालेल्या डॉक्युमेंटम या कंपनीच्या दस्तऐवज-व्यवस्थेची मांडणी पाहा. दस्तऐवजाचं नाव, त्याची आवृत्ती, तो कोणी पाहायचा याची नोंद डेटाबेसमध्ये असते, आणि प्रत्यक्ष फाइल बाहेर डिस्कवर. दस्तऐवजाची ओळख सोळा अक्षरांची, शून्य-नऊने सुरू होणारी. फाइलच्या नोंदीची ओळख शून्य-सहाने सुरू होते. डिस्कवर मात्र एकात एक फोल्डर आणि नुसते आकडे. तिथे पाहून कुठली फाइल कोणाची हे कळणं शक्य नाही. डिस्क बदलायची झाली तर सगळ्या फाइली जशाच्या तशा नव्या जागी उतरवून मुळाचा मार्ग एका ठिकाणी बदलला की भागतं. ही साधी व्यवस्था मला आजही आवडते.

तिच्यात एक उणीव होती. डिस्कवरची फाइल कोणी गुपचूप बदलली तर ते ओळखायचं कसं? त्यावरचं जुनं उत्तर होतं ऑप्टिकल तबकडी. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या फाइलनेटने बारा इंची तबकड्यांची यंत्रं बनवली. यांत्रिक हात हवी ती तबकडी उचलून वाचकात बसवायचा. लेझरने एकदा लिहिलेलं पुसता येत नसे. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने १९९७ मध्ये शेअर दलालांना इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवायला परवानगी दिली तीही याच अटीवर, की नोंद पुन्हा लिहिता येऊ नये आणि पुसता येऊ नये. पण तबकड्या संथ होत्या, आणि डिस्क दरवर्षी स्वस्त होत चालल्या होत्या.

इथे बेल्जियममधल्या फाइलपूल या छोट्या कंपनीचा प्रवेश होतो. पॉल कार्पेंतिए आणि यान व्हान रील यांची कल्पना अशी: फाइल कुठे ठेवली आहे यावरून पत्ता देऊ नका, फाइलमध्ये काय आहे त्यावरून द्या. रॉन रिव्हेस्ट यांची एमडी५ ही हॅशपद्धत १९९२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. कितीही मोठी फाइल घाला, १२८ बिटांचा ठसा निघतो, आणि एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पार बदलतो. हा ठसाच पत्ता झाला. एकच जोडपत्र हजार ईमेलमधून आलं तरी ठसा एकच, म्हणून साठवण एकदाच. वाचताना ठसा पुन्हा काढला की मजकुराला हात लागलाय का, हेही कळतं.

ईएमसीने २००१ मध्ये फाइलपूल विकत घेतली आणि एप्रिल २००२ मध्ये सेंटेरा नावाची साठवणीची पेटी बाजारात आणली. स्वस्त एटीए डिस्कचे नोड, आणि प्रत्येक वस्तूच्या प्रती वेगवेगळ्या नोडवर. फाइलबरोबर एक छोटी एक्सएमएल चिठ्ठी बने: फाइलचा पत्ता, तारीख, आणि किती सेकंद ती काढून टाकता येणार नाही याचा आकडा. चिठ्ठीचाही ठसा काढला जाई, आणि तो सत्तावीस अक्षरी पत्ता अ‍ॅप्लिकेशनच्या हाती पडे. मे २००३ मध्ये कमिशननेही स्पष्ट केलं की पुसता येणारी डिस्क असली तरी यंत्र आणि सॉफ्टवेअर मिळून पुसणं रोखत असतील, तर चालेल.

पेटीच्या आत ही कल्पना अप्रतिम चालली. नोड मेला, नवा बसवला, मजकूर इकडून तिकडे गेला, तरी अ‍ॅप्लिकेशनला पत्ता नाही! अडचण आली ती पेटी सोडताना. कोट्यवधी सत्तावीस अक्षरी पत्ते अ‍ॅप्लिकेशनच्या डेटाबेसमध्ये बसले होते, आणि ते समजत होते फक्त सेंटेराला. एकेक वस्तू वाचायची, नव्या जागी लिहायची, ठसा ताडून पाहायचा, मग डेटाबेसमधली ओळ बदलायची. त्यातही एक खड्डा असा, की नव्या जागी वस्तूला आजची तारीख लागली तर सात वर्षांची मुदत आजपासून मोजली जाते, आणि पुढच्या वर्षी मोकळा व्हायचा कागद आणखी सात वर्षं अडकतो. मूळ तारीख आणि खटल्यापायी कागद काढून टाकण्यावर घातलेली बंदी वस्तूबरोबर गेल्या की नाहीत, हे नव्या जागेवर काम सुरू करण्याआधी तपासायला हवं. नंतर फार उशीर होतो.

ऑगस्ट २००४ मध्ये श्याओयुन वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमडी५चा एकच ठसा देणारे दोन वेगळे मजकूर बनवून दाखवले. पत्ता आणि पुरावा एकच असल्याने धक्का दोन्हींना बसला. कार्पेंतिए यांनी पुढे २००५ मध्ये काढलेल्या कॅरिंगो या कंपनीत यावर केलेला तोडगा मला या घराण्यातला सर्वांत शहाणा वाटतो. वस्तूचं नाव म्हणजे नुसता यादृच्छिक क्रमांक, आणि ठसा वेगळा. हॅश जुनी झाली की ठसा नव्याने काढायचा, नाव तेच राहतं.

मजकुरावरून पत्ता देण्याची रीत त्याच वर्षी, २००५ मध्ये, गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात आली आणि प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरातली झाली. न पुसण्याचं कुलूप वेगळ्या घरी गेलं. मार्च २००६ मध्ये आलेल्या अ‍ॅमेझॉन एस३ या साठवण सेवेत वस्तूचं नाव वापरणाराच ठरवतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये या सेवेला ऑब्जेक्ट लॉक मिळालं, ज्याच्या कडक प्रकारात खात्याच्या मालकालाही मुदतीआधी वस्तू काढता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये कमिशनने नियम आणखी सैल केला: प्रत्येक बदलाची आणि पुसण्याची पूर्ण नोंद राहत असेल व मूळ कागद पुन्हा उभा करता येत असेल, तर दलालांना न पुसणाऱ्या साठवणीची सक्ती राहिलेली नाही.