तळटीप १४ : तलवार धरणारा जादूगार

१४. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन, अमेरिका, १९७४) या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळाच्या मूळ नियमांत न बसणारे पात्र. जादूगार या वर्गाला तेव्हा खंजिराखेरीज दुसरे शस्त्र चालत नसे, चिलखत तर मुळीच नाही. १९७८च्या नियमपुस्तकात काठी आणि हाताने फेकायचा लहान बाण यांची भर पडली, तलवारीची मात्र नाही. त्यात नवख्या जादूगाराची प्राणशक्ती चार बाजूंच्या फाशावर ठरे आणि दिवसाला एकच मंत्र हाती असे. टोल्किनचा गँडाल्फ ग्लॅमड्रिंग ही तलवार घेऊन लढतो. म्हणजे खेळाडूंना सर्वांत ओळखीचा असलेला जादूगारच नियमांबाहेर राहिला, हे त्या रचनेचे ठळक वैगुण्य. पुढच्या पातळ्यांवर जादूगार फार बलवान होई, त्यामुळे शस्त्रविद्या योद्ध्यापुरती राखणे खेळाच्या समतोलाला सोयीचे होते. एल्फ पात्राला दोन्ही वर्ग एकत्र घेता येत, पण अनुभवगुण विभागले जाऊन त्याची प्रगती मंदावे. प्रस्तुत उताऱ्यातला खेळनियंत्रक नकार देतो तो या जुन्या नियमावर बोट ठेवून. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत मंत्र जाणणारा ‘एल्ड्रिच नाइट’ हा योद्ध्याचाच एक उपवर्ग आहे.